चाक मोठं झालं, आस तेवढाच राहिला

या पानावर आपण जुन्या वाड्यांच्या, निजामी शाळांच्या, बीदर-गुलबर्ग्याच्या एसटी स्टँडांच्या आठवणी लिहितो. आज मी टायरवर लिहितोय. काही जण म्हणतील, बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला हा विषय कुठून सुचला? पण आपल्या सीमाभागातल्या निम्म्या घरांत आज एक जुनी जीप किंवा पिकअप उभी आहे. पुण्या-हैदराबादहून सुट्टीला आलेली आपली पोरं तिच्याभोवती फिरतात आणि म्हणतात, "हिला मोठे टायर टाकू या." आमच्या घरात ते टाकले. पैसे मी दिले. त्याचं काय झालं ते सांगतो आणि माझं मतही सांगतो. पटलं तर घ्या.

आमचं गाव औराद तालुक्यात, मांजरेच्या पलीकडे. बीदर शहर जांभ्याच्या पठारावर आहे, तिथली माती तांबडी, पाऊस पडला की तासाभरात पाणी निचरून जातं. पण पठार उतरून खाली आलं की काळी रान सुरू होतात. या काळ्या मातीचा गुण आणि दोष एकच, ती पाणी सोडत नाही. म्हणून रब्बीची ज्वारी आणि हरभरा नुसत्या ओलीवर येतो, आणि म्हणूनच आषाढ-श्रावणात शेतात जायची वाट बंद होते. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, सगळीकडे हीच गोष्ट. ज्यानं काळ्या रानातून चप्पल हातात घेऊन चालत घर गाठलंय त्याला वेगळं सांगायला नको.

माझ्या लहानपणी त्या चिखलातून एकच वाहन जायचं, ते म्हणजे बैलगाडी. लाकडी चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच, अरुंद, वर लोखंडी धाव. आम्हाला वाटायचं, चाक उंच आहे म्हणून गाडी चिखलातून निघते. ते खरंच होतं, पण अर्धं. वडिलांनी एकदा दुसऱ्या गावची उंच चाकं स्वस्तात मिळतात म्हणून आणली. आमच्या सुताराने ती पाहिली आणि आधी आसाकडे बोट दाखवलं. म्हणाला, आस जुना आहे, या चाकाचा तुंबा त्याला नीट बसायचा नाही. शिवाय गाडी पुढून उचलली जाईल, जू बैलांच्या मानेवर सरळ टेकणार नाही, बैलांच्या माना सोलतील. चाक बदलायचं तर आस, साटा, जू सगळ्यांचं माप पुन्हा घ्यावं लागेल. वडील चाकं परत देऊन आले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. ही गोष्ट मला अगदी स्पष्ट आठवते, आणि ऐन वेळेला मात्र आठवली नाही.

पुढे बी. कॉम. करून बँकेत लागलो. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर खेड्यापाड्यांत शाखा निघाल्या आणि शेतीकर्ज हा आमच्या कामाचा मोठा भाग झाला. रबरी टायरच्या बैलगाड्यांना, ज्यांना आपल्याकडे सगळे डनलॉप गाडी म्हणायचे, मी स्वतः कितीतरी कर्जं मंजूर केली. डांबरी सडकेवर ती गाडी जुन्या गाडीच्या दीडपट-दुप्पट माल ओढायची, बैलांनाही हलकी. पण पावसाळ्यात काळ्या रानात तिची बुटकी चाकं रुतायची. मग शहाणे शेतकरी सडकेला डनलॉप आणि शेताला जुनी लाकडी गाडी ठेवायचे. कुणीही डनलॉपच्या आसाला उंच चाक बसवायला गेलेलं मी पाहिलं नाही.

त्यानंतर आल्या जीपा. महिंद्रांनी १९४७ पासून विलिज जीप आपल्याकडे जोडायला सुरुवात केली. आम्ही वसुलीला त्याच जीपमधून फिरायचो. तिचे टायर ६.०० - १६ मापाचे, म्हणजे रुंदीला जेमतेम सहा इंच. आजच्या पोरांना ते सायकलचे वाटतील. पण पातळ चिखलाखाली जिथे मुरमाचा थर असतो तिथे हा अरुंद टायर चिखल कापून खाली टेकायचा आणि गाडी निघायची. जिथे खाली काळीच माती खोलवर असते तिथे मात्र तोही रुतायचा, आणि आम्ही साहेब लोक पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून धक्का मारायचो.

आता आमच्या गाडीकडे येतो. थोरल्या भावाचा मुलगा शेती बघतो. त्याच्याकडे बोलेरो कॅम्पर आहे, २००८ ची, फोर बाय फोर, पुढे दोन रांगा बसायला आणि मागे माल टाकायला हौदा. नंबर केए-३८. गाडी जुनी झाली असली तरी इंजिन ठणठणीत. आमचं शेत डांबरी सडकेपासून दीड किलोमीटर आत, आणि शेतातच वस्ती. चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझ्या वहिनींच्या छातीत रात्री दुखू लागलं. पाऊस तीन दिवस लागून होता. गाडीत घालून निघाले आणि वाटेत गाडी रुतली. दोन तास. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. वहिनी वाचल्या, पण ते दोन तास पुतण्या विसरला नाही, आणि विसरावेत असं मीही म्हणणार नाही.

त्यानंतर त्याने मोबाईलवर बघायला सुरुवात केली. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची चिखलातल्या गाड्यांची स्पर्धा भरते, त्याचे व्हिडिओ. छातीएवढ्या टायरांच्या जीपा नाल्यातून वर येतात. एक दिवस मला म्हणाला, "काका, आपली गाडी दर पावसाळ्यात रुतायलीय. एकतीस इंची टायर टाकले की विषय संपला." कुणीतरी वापरलेले चार टायर रिमांसकट स्वस्तात विकत होता. पाटे उचलायला, मडगार्ड कापायला धरून सत्तर हजारांचा खर्च. त्याच्याकडे तीस होते. मी म्हणालो, चाळीस मी देतो.

टायर बसवायच्या आधी आम्ही गाडी बीदरच्या आमच्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. तीस वर्षं आमच्या घरच्या गाड्या तोच बघतो. त्याने टायर हाताने फिरवून पाहिले आणि म्हणाला, "नक्को करो साब. चक्का बडा हुआ तो बिरेक छोटा पडता." पुतण्या हसला. म्हणाला, "चाचा, तुमचा जमाना वेगळा होता." मिस्त्री गप्प बसला. त्याने ते काम हातात घेतलं नाही. पुतण्याने दुसऱ्या दुकानात करून घेतलं. मी मध्ये उभा होतो. मी काही बोललो नाही.

गाडी दिसायला मात्र झकास झाली, खोटं कशाला बोलू. वाघासारखी उभी राहायची. गावातली पोरं फोटो काढायला यायची. जुलैत ती चिखलातून एक-दोनदा निघालीसुद्धा. पुतण्याने मला व्हिडिओ पाठवला, मी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "शाब्बास!"

ऑक्टोबरात तो सोयाबीन घेऊन बीदरच्या मार्केटला गेला. परत येताना रब्बीसाठी खत भरलं, ५० किलोच्या १४ गोण्या, म्हणजे सातशे किलो. आमचा गडी मागच्या सीटवर. बीदर सोडलं की पठार संपतं आणि रस्ता मांजरेच्या खोऱ्यात उतरतो. संध्याकाळची वेळ. पुढे एका ट्रॅक्टरवाल्याने अचानक गाडी आडवी घातली. पुतण्या सांगतो, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, की काट्यावर स्पीड पन्नास होता. त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. ट्रॅक्टर चुकवायला त्याने बाजूला घेतली आणि गाडी पुलाच्या कठड्याला धडकली. पुतण्याच्या कपाळाला चार टाके. गड्याच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं.

दवाखान्यातून आल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. उठलो, एक जुनी डायरी घेतली आणि हिशेब मांडला. हा हिशेब चाळीस हजार द्यायच्या आधी मांडायला हवा होता. तो तुमच्यासमोर मांडतो, कारण त्यात आठवीच्या गणितापलीकडचं काही नाही.

आमच्या गाडीला आधी टायर होते २१५/७५ आर १५. यातले २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के इतकी टायरच्या भिंतीची उंची, म्हणजे १६१ मिलिमीटर. १५ म्हणजे रिम किती इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून १६१ ची दुप्पट अधिक ३८१. टायरची एकूण उंची साधारण ७०३ मिलिमीटर. नवा टायर एकतीस इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटर. फरक ८४ मिलिमीटर, जवळजवळ १२ टक्के.

आता पहिली गंमत बघा. टायर ८४ मिलिमीटरने उंच झाला, पण आस उचलला गेला त्याच्या निम्माच, ४२ मिलिमीटर. दीड इंचाला थोडा जास्त. सत्तर हजारांत चिखलावर आम्ही एवढीच उंची विकत घेतली. पाटे उचलले त्याने बॉडी वर गेली, आसाखालचा गोळा मात्र दीड इंचच वर आला. आणि चिखलात टेकतो तो गोळाच.

दुसरी गोष्ट काट्याची. स्पीडोमीटर गियरबॉक्सच्या बाजूला शाफ्ट किती फिरला ते मोजतो, टायर केवढा आहे ते त्याला कळत नाही. टायर १२ टक्क्यांनी मोठा झाला की शाफ्टच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी १२ टक्के जास्त रस्ता तोडते. काटा ५० दाखवत होता तेव्हा गाडी ५६ ने धावत होती. पुतण्या खोटं बोलत नव्हता. काटा खोटं बोलत होता, आणि त्याला खोटं बोलायला आम्हीच लावलं होतं.

तिसरी गोष्ट ब्रेकची. गाडी अंगात जो जोर घेऊन धावते तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० ऐवजी ५६ म्हणजे वेग १२ टक्के जास्त, पण जोर २५ टक्के जास्त. दुसऱ्या बाजूला ब्रेकचा ड्रम तोच, लायनर तेच. चाकाचा घेर वाढला की त्याच ब्रेकची रस्त्यावरची पकड तेवढ्या प्रमाणात कमी पडते, साधारण १०-११ टक्क्यांनी. लांब दांड्याच्या पाटीत ओझं ठेवलं की हाताला जास्त जड लागतं, तसंच हे. दोन्ही एकत्र केलं तर तेवढ्याच जोराने पेडल दाबून गाडी थांबायला ४० टक्के जास्त अंतर लागतं. आधी २० मीटरवर थांबणारी गाडी २८ मीटरवर थांबणार. आमचा पुलाचा कठडा त्या आठ मीटरच्या आत होता. मिस्त्रीने एका वाक्यात जे सांगितलं ते मला सांगायला डायरीचं एक पान लागलं.

याशिवाय टायर जड, म्हणून स्टिअरिंगचे टाय रॉड, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग लवकर खराब होतात. रिम बाहेर काढली तर बेअरिंगवरचा ताण आणखी वाढतो. चौथ्या गियरमध्ये चढणारी गाडी तिसऱ्यावर येते, क्लच प्लेट जळते. आणि पाटे उचलल्याने गाडीचा भार वर सरकतो, वळणावर ती झुकते. तिला पुन्हा मूळ ताकदीवर आणायचं तर क्राऊन-पिनियन बदलावा लागतो, ब्रेक वाढवावे लागतात. आइसलँडमध्ये बर्फावर चालायला ३८ आणि ४४ इंची टायरच्या गाड्या बनवतात, जगभर त्यांचं नाव आहे. पण ते लोक आधी गियर बदलतात, बॉडी कापून नव्याने बांधतात, सस्पेन्शन बदलतात, आणि मग टायर लावतात. म्हणजे आमच्या गावच्या सुताराचंच शास्त्र. व्हिडिओत आपल्याला फक्त टायर दिसतो.

काही जण म्हणतील, मोठ्या टायरला वजन पेलायची ताकदही जास्त असते. बरोबर आहे. टायरवर एक आकडा छापलेला असतो, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो, १०९ असेल तर १०३० किलो. पण ती टायरची ताकद. आसाची, पाट्यांची आणि ब्रेकची ताकद कंपनीने ठरवून दिली तेवढीच राहते. तगडा जामीनदार मिळाला म्हणून कर्जदाराचं उत्पन्न वाढत नाही, हे मी शाखेत बसून किती जणांना समजावलं असेल!

आणखी एक. आमचे टायर वापरलेले होते. टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षाचा कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर बनला. आमच्या चारही टायरांचे आकडे मी अपघातानंतर टॉर्च घेऊन वाचले. आठ वर्षांचे निघाले. नक्षी खोल होती म्हणून कुणाला शंका आली नाही. रबर मात्र वापरलं नाही तरी वयाने कडक होतं. आयुष्यभर चेक-ड्राफ्टवरची तारीख आधी बघितली, आणि टायरवरची तारीख बघितली नाही.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा फेरफार करून गाडी चालवता येणार नाही. कॅम्परसारख्या मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये तर टायरचं माप आणि प्रत्येक आसावरचं मंजूर वजन लिहायचे रकानेच असतात. विम्याचा सर्व्हेअर आला, त्याने टायरचा फोटो काढला आणि पहिला प्रश्न तोच विचारला. आमचा क्लेम अनेक महिने अडकला आणि शेवटी अर्ध्याहून कमी मिळाला. मला राग आला नाही. त्याच्या खुर्चीत मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

आता माझं मत. मोठे टायर म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. ज्याला हौस आहे, ज्याच्याकडे गियर-ब्रेकसकट सगळं काम करायला पैसे आहेत आणि जो गाडी स्पर्धेच्या मैदानात ट्रकवर घालून नेतो, त्याने खुशाल करावं. माझं म्हणणं आपल्यासारख्या घरांसाठी आहे, जिथे तीच गाडी सकाळी खत आणते, दुपारी पोरांना शाळेतून आणते आणि रात्री आजारी माणसाला दवाखान्यात नेते. अशा गाडीवर पैसे खर्च करायचे तर आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग पाटे, आणि सगळ्यात शेवटी टायर. टायर घ्यायचेच तर एकच पायरी वर जा. याच घराण्यातल्या काही मॉडेलांना कंपनी स्वतः २३५/७५ आर १५ देते. त्याची उंची ७३३ मिलिमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा साधारण चार टक्केच जास्त. तरी आपल्या गाडीला ते माप चालतं का हे कंपनीच्या पुस्तकात बघून आणि नोंदणीचं विचारून घ्या. उंचीपेक्षा नक्षी महत्त्वाची. खाचा मोकळ्या असल्या तर माती झटकली जाते. त्या भरल्या की केवढाही मोठा टायर काळ्या मातीत साबणासारखा फिरतो. रिकामी गाडी चिखलातून काढायची असेल तर थोडी हवा कमी करा, टायर पसरतो, पकड येते. पण सडकेवर येताच हवा परत भरा. हवा मारायचा छोटा पंप दोन-तीन हजारांत मिळतो. पावसाळ्यात गाडीत एक दोर आणि दोन फळ्या असू द्या.

हे झालं गाडीचं. यापेक्षा मोठी एक गोष्ट मला उशिरा कळली. आमची अडचण टायरची नव्हतीच, ती दीड किलोमीटर वाटेची होती. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शेतरस्ते आणि पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजना काढली. आपल्याकडेही रोजगार हमीतून शेताच्या वाटांची कामं होतात. पण त्यासाठी वाटेवरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकत्र अर्ज करावा लागतो, आणि एकत्र यायचं म्हटलं की आपल्याला बांधाची वीतभर जमीन आठवते. १९५६ साली बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नाही, याचं दुःख आपण सगळे करतो. पण शेजाऱ्याला विचारून एक वाट करायला आपल्याला सत्तर वर्षं पुरली नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आठ घरांनी पैसे काढले. पठारावरून मुरूम आणला, बाजूला चर काढले. टायर विकून आले तेही त्यातच घातले. वाटेच्या बाराशे-तेराशे मीटरवर मुरूम पडला. शेवटचे दोनशे मीटर राहिलेत, कारण नववं घर तयार नाही. त्यांचं म्हणणं, आमच्या बांधावरून वाट नको. मी दोनदा जाऊन आलो, पुन्हा जाईन. गाडीला आता कंपनीच्या मापाचे टायर आहेत. ब्रेकचं काम त्याच मिस्त्रीने केलं. गेलो तेव्हा वाटलं, आता हा चार गोष्टी ऐकवणार. त्याने फक्त स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, "बैठो साब. डिरम खोलके देखते."

आणि आमचा गडी. त्याचा दवाखान्याचा खर्च आम्ही केला, घरी बसला तेवढ्या महिन्यांची मजुरीही दिली. ते करायलाच हवं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हाड जुळलं. पण मागच्या महिन्यात शेतात गेलो तेव्हा तो डाव्या हाताने गोणी ओढत होता. मी विचारलं, उजवा कसा आहे? म्हणाला, "बरा हाय मालक. खांद्याच्या वर तेवढा जाईना."

शाखेत असताना दहा हजारांच्या कर्जालासुद्धा मी तीन प्रश्न विचारायचो. कशाला हवंय? बुडालं तर कुणाचं बुडेल? जाणकार माणूस काय म्हणतो? घरच्या पोराला चाळीस हजार देताना यातला एकही प्रश्न विचारला नाही. तो माझं ऐकणार नाही असंही नव्हतं. मला त्याच्या डोळ्यांत जुनाट म्हातारा दिसायचं नव्हतं, एवढंच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर मिस्त्रीने न विचारता दिलं होतं. आपल्या वयाच्या मंडळींना माझी विनंती आहे, पोरांनी नावं ठेवली तरी चालतील, पण पैसे द्यायच्या आधी हे तीन प्रश्न विचारा. आणि पोरांनो, तुमच्या गावचा मिस्त्री "नक्को" म्हणाला तर निदान एकदा "का?" एवढं तरी विचारा.

तुमच्या भागातल्या शेतवाटा कशा झाल्या, अडलेलं घर कुणी कसं तयार केलं, ते खाली जरूर लिहा. मला त्या शेवटच्या दोनशे मीटरांसाठी उपयोगी पडेल.